प्रेग्नन्सी किटमधली लाल रेघ नीट कशी वाचायची

मेडिकलवर मिळणाऱ्या किटात खरंखुरं सोनं असतंय, पण कण इतके बारीक की साधारण २०-४० नॅनोमीटरचे, अन् एवढ्या साइझला सोनं हिरवा उजेड गिळतं म्हणून आपल्याला लालसर दिसतं. कणांवर अँटीबॉडी चिकटवलेली असती, ती लघवीतलं एचसीजी (गरोदरपणात अंगात तयार होणारं हार्मोन) धरून पट्टीवरून पुढं सरकती आणि टी म्हणजे टेस्टच्या रेघेपाशी अडकती, तिथं सोनं साठलं की रेघ उमटली.

आता करायचं कसं. सकाळची पहिली लघवी घ्या, कारण त्यात एचसीजी जास्त असतं, अन् पाकीट आधीच फोडून ठेवू नका, दमट हवेनं पट्टी खराब होती. ड्रॉपरनं पाकिटावर सांगितलेत तेवढेच थेंब टाका, मग मोबाईलवर टायमर लावा. पाच मिनिटं लिहिलंय तर पाचलाच बघा! अर्ध्या तासानं पट्टी वाळल्यावर राखाडी, फिकी रेघ दिसती ती धरायची नाही. फिकी पण लालसर, अन् वेळेत आली असेल तर मात्र पॉझिटिव्हच धरा आणि डॉक्टरकडं जा. सी म्हणजे कंट्रोलची रेघ, किट नीट चाललं का ते सांगणारी, ती आलीच नाही तर किट बाद.

बहुतेक पाकिटावर ३० डिग्रीच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं, अन् आपल्या परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा चाळीशीच्या वर, मग गाडीच्या डिक्कीत किट टाकून कशाला फिरायचं.