पाच की सहा? सामोआच्या संसदेचा अभ्यास करताना

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला लघुप्रबंधासाठी मी सामोआ निवडला, तेव्हा सरांनी विचारलं, "दोनेक लाख वस्तीच्या देशावर ऐंशी पानं भरतील का?" भरली. वर कापावी लागली.

पॅसिफिकमधल्या संसदांवर काम करायचं असेल, तर अख्ख्या देशाचा इतिहास काढून बसू नका. एखादा पेच धरा. मी २०२१ चा धरला.

९ एप्रिल २०२१ ला मतदान झालं. जागा ५१. चाळीसेक वर्षं जवळपास सलग सत्तेत असलेल्या एचआरपीपी (ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी) या पक्षाला २५, नव्याकोऱ्या फास्ट पक्षाला २५, अपक्ष एक. आणि इथं गंमत सुरू होते. संविधान सांगतं, संसदेत किमान दहा टक्के स्त्रिया हव्यात. कमी पडल्या तर जादा जागा द्या. निवडून आलेल्या पाच. ५१ चे दहा टक्के ५.१. मग पाच पुरेत की सहा हव्यात? निवडणूक आयुक्तांनी सहावी सदस्य जाहीर केली, ती एचआरपीपीची. तिकडे अपक्ष फास्टला मिळाला. २६-२६.

कलम मुळातून वाचलं तेव्हा कळलं, की त्यात "सध्या पाच" असं स्पष्टच लिहिलंय. ते लिहिलं गेलं तेव्हा जागा ४९ होत्या. पुढे ५१ केल्या, "पाच" तसाच राहिला. सर्वोच्च न्यायालयानं १७ मे रोजी सहावी नेमणूक रद्द केली आणि मी पहिल्या मसुद्यात ठोकून दिलं, "अंतिम निकाल लागला." सपशेल चूक. सामोआत सर्वोच्च न्यायालयाच्या वर अपील न्यायालय आहे! त्यानं जूनमध्ये सांगितलं, हव्यात सहाच, पण नेमणूक निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका आटोपल्यावर. नावावरून भारतीय अर्थ लावायचा नाही, हा धडा मी असा घेतला. निकालपत्रं पॅकलिआय या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बातम्यांआधी ती वाचा.

दुसरी चूक संदर्भसूचीतली. फास्टच्या नेत्या फिआमे नाओमी माताअफा यांना मी 'म'खाली टाकलं, आडनाव समजून. पण 'फिआमे' ही त्यांची मताई पदवी आहे, म्हणजे कुळाच्या प्रमुखाला मिळणारी, आणि लोक त्यांना त्याच नावानं ओळखतात. 'माताअफा' ही तर आणखी वेगळी, फार मानाची पदवी. नुसतं 'माताअफा म्हणाल्या' लिहिलं तर तिथला वाचक हसेल. हे मानपानाचं प्रकरण नाही, निवडणुकीचाच गाभा आहे. उमेदवार मताईच लागतो. १९९० च्या सार्वमतापर्यंत मतही मताईंनाच होतं. त्यानंतर एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना मिळालं.

घड्याळाचंही भान ठेवा. सामोआची राजधानी आपिया आपल्या साडेसात तास पुढे. २४ मे रोजी नव्या संसदेची पहिली बैठक व्हायची होती, पण दार कुलूपबंद होतं, मुख्य न्यायाधीश झगा घालून दारापर्यंत येऊन परत गेले, तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटली होती आणि मी झोपलेलो. उठून फोन बघतो तर तिथं संध्याकाळ व्हायच्या बेताला हिरवळीवर तंबू टाकून फिआमे यांचा शपथविधी. पहाटेच्या शपथविधीची सवय असलेला मराठी माणूसही चक्रावला. २३ जुलैला अपील न्यायालयानं तंबूतला तो शपथविधी वैध ठरवला आणि बावीस वर्षं पंतप्रधान असलेले एचआरपीपीचे तुइलाएपा पायउतार झाले.

मुलाखतींचं थोडक्यात: ईमेलला उत्तर येईलच असं नाही, रविवारी तर पाठवूच नका, चर्चचा दिवस.

आज नव्यानं सुरुवात करायची असती, तर मी २०२५ धरलं असतं. फास्ट फुटला, मे महिन्यात सरकारचं अंदाजपत्रक संसदेत पडलं, ऑगस्टमध्ये मुदतीआधी निवडणूक झाली. फास्टला ३० जागा मिळाल्या आणि त्याच पक्षातून चार वर्षांपूर्वी पंतप्रधान झालेल्या फिआमे यांच्या नव्या पक्षाला तीन.