लॉटरी लागली? आधी लाखामागे बाराशे बाजूला काढा

लॉटरीच्या बक्षिसातून ३० टक्के टीडीएस (पैसे देणाऱ्यानेच आधी कापलेला कर) कापून आला, म्हणजे कर मिटला असं बहुतेकांना वाटतं. मिटत नाही. कर ३० टक्के, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ३१.२ टक्के, आणि उपकर टीडीएसमध्ये कापलेला नसतो. दिवाळी बंपरमध्ये आमच्या काकांना १ लाख लागले. हातात आले ७०,०००, आणि विवरणपत्र भरताना आणखी १,२०० निघाले. तोवर पैसे फ्रिजमध्ये गेले होते (म्हणजे नवीन फ्रिज आला होता).

असं करा:

१. बक्षीस घेताना पॅन द्या, टीडीएसचं प्रमाणपत्र मागा. तिकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आधीच काढून ठेवा.

२. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-तपशिलात (२६एएस) दिसते का, पाहा.

३. विवरणपत्रासाठी आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही. पगारदाराने आयटीआर-२ घ्यावं. 'इतर उत्पन्न' मध्ये पूर्ण १ लाख दाखवा, हातात आलेले ७०,००० नव्हे. तिकिटाचा खर्च वजा होत नाही, गुंतवणुकीवरची वजावट (८०सी) वगैरेही इथे चालत नाही.

बाकी काहीच कमाई नसली तरी या रकमेवर कर लागतोच, म्हणून 'कमाई नसलेल्या आईच्या नावावर दाखवू' ही युक्ती सोडा. १०,००० पर्यंतच्या बक्षिसावर टीडीएस कापत नाहीत, पण ते दाखवावं लागतंच. बक्षीस धरून एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर असेल तर अधिभारही (करावर आणखी कर) लागतो. तेव्हा सीएकडे जा.