आधी मागचा एक्सल, मग इंजिन, आणि दोन्ही एकाच हिवाळ्यात अजिबात नको

जुनी फॉक्स बॉडी मस्टँग (फोर्डची १९७९ ते ९३ ची मस्टँग) दारात आली की महिन्याभरात प्रत्येकाच्या डोक्यात तोच किडा वळवळतो, ५.० (मूळचं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन) उतरवू आणि ३५१ विंडसर (फोर्डचंच मोठं व्ही-८) चढवू. माझ्याही वळवळला. गाडी १९८९ ची एलएक्स, सी४ गिअरबॉक्स (फोर्डचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक), आयलंड ड्रॅगवे या ड्रॅग रेसच्या सरळ पट्टीवर क्वार्टर माइल (पाव मैल) साडेबारा सेकंदांच्या आसपास. (आम्ही न्यू जर्सीवाले. इंग्लिशटाउनची पट्टी २०१८ ला बंद झाली ते अजून टोचतं, आता प्रत्येक वेळी पार ग्रेट मेडोजपर्यंत गाडी ओढत न्यायची.)

तर पहिली गोष्ट, इंजिनला हात लावायच्या आधी मागे बघा. हिशोब साधा आहे. इंजिनचा टॉर्क समजा ४०० पौंड-फूट, सी४ चा पहिला गिअर २.४६, मागच्या एक्सलमध्ये ४.१० रेशोचं क्राउन-पिनियन (प्रॉपेलर शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी), म्हणजे गुणाकार गेला ४००० च्या वर, आणि सुटताना टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी असतो तो) त्यात अजून भर घालतो. साध्या टायरवर चाक फिरतं म्हणून एक्सल वाचतो. स्लिक (रेसचे गुळगुळीत, चिकट टायर) लावले की चाक रस्ता धरून बसतं आणि मग जे सगळ्यात कच्चं असेल ते जातं. १९८६ पासूनच्या ५.० ला ८.८ इंची (क्राउनच्या व्यासावरून नाव) एक्सल येतो, तो वाईट नाही, लोक उगाच ९ इंचीच हवा म्हणून खर्च करतात. पण त्याचे मूळ शाफ्ट २८ स्प्लाइनचे (टोकाला २८ खाचा, जास्त स्प्लाइन म्हणजे जाड शाफ्ट), आणि ते आतल्या टोकाला सी आकाराच्या एका छोट्या क्लिपवर, सी-क्लिपवर, अडकवलेले असतात. शाफ्ट तुटला की चाक, ड्रम, तुटका तुकडा, सगळी वरात गाडीच्या बाहेर. बाहेरून धरणारं दुसरं काहीच नसतं. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसची संस्था) नियमात १०.९९ सेकंद किंवा त्याहून फास्ट गाडीला आफ्टरमार्केट शाफ्ट आणि ते धरून ठेवणारी सोय सक्तीची आहे ती याचसाठी. मी म्हणतो १०.९९ ची वाट कशाला बघायची, स्लिक घेतले त्याच दिवशी ३१ स्प्लाइन घ्या. सी-क्लिपऐवजी शाफ्ट बाहेरून धरणारे, बोल्ट करायचे सी-क्लिप एलिमिनेटर मला आवडत नाहीत, ऑइल गळतं. हाउसिंगची टोकं कापून ९ इंचीची टोकं वेल्ड करून घेतली की विषय संपतो. ८.८ चे ट्यूब मधल्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) भागात दाबून बसवून भोकांतून नुसते टाके मारलेले असतात, तेही त्याच वेळी नीट वेल्ड करून घ्या, पण बीड आणि स्टील जोडतोय हे ज्याला कळतं त्याच्याकडूनच, गरम न करता मारलेला वेल्ड तडकतो.

आणि कृपा करून डिफ्रन्शियलचे स्पायडर गिअर (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे आतले छोटे गिअर) वेल्ड करू नका. "शंभर डॉलरात लॉकर" म्हणून सांगणारा एक भेटतोच. रेसआधीच्या तपासणीत, टेकमध्ये, परत पाठवतात, आणि बरं करतात.

क्राउन-पिनियनची सेटिंग घरी करता येते का? येते. मी केली. डायल गेज, शिम, पिवळी पेस्ट लावून दातांवरचा ठसा बघायचा, ठसा दाताच्या मधोमध हवा, दातांमधला प्ले साधारण ८ ते १२ थाऊ (इंचाचा हजारावा भाग). क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेअरिंगांमधली, आवळली की दबणारी नळी) जास्त आवळली तर सैल करून भागत नाही, नवी घालावी लागते, माझ्या दोन गेल्या. पण शिकायचं तर इथेच शिका, घाबरण्यासारखं काही नाही. गिअर रेशो निवडताना तेवढं एक गणित करा, वेग गुणिले रेशो गुणिले ३३६ भागिले टायरचा व्यास. १२५ मैल, ४.१०, २८ इंची टायर, उत्तर ६१५० आरपीएम, वर कन्व्हर्टरची घसरण. तेवढं तुमचं इंजिन फिरणार असेल तरच ४.१०.

आता मी जिथे मेलो ते.

५.० च्या स्टॉक ब्लॉककडून ५०० घोड्यांच्या पुढे मागितलं की तो मधोमध चिरतो हे जगजाहीर आहे, म्हणून एका जुन्या ट्रकमधलं ३५१ घेतलं. ब्लॉक सव्वा इंचाहून जास्त उंच, त्यामुळे हेडर, इनटेक, डिस्ट्रिब्यूटर सगळं वेगळं लागतं, ते सगळे सांगतात. फ्लेक्सप्लेटचं (क्रँकच्या मागे बसणारी, इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी प्लेट) मात्र मला कोणी बोललं नाही. माझी ५.० ची जवळजवळ नवी होती, सहाच्या सहा बोल्ट ३५१ च्या क्रँकला गपकन बसले, मी खूश.

ही दोन्ही इंजिनं बाहेरून बॅलन्स केलेली असतात. क्रँकवरची वजनं पुरत नाहीत, म्हणून उरलेलं वजन पुढच्या बॅलन्सरमध्ये आणि मागच्या फ्लेक्सप्लेटमध्ये मुद्दाम एका बाजूला ठेवतात. ३५१ ला आणि जुन्या ३०२ ला (म्हणजे ५.० चंच आधीचं रूप) ते २८ औंस-इंच. ऐंशीच्या दशकात ५.० ला ५० झालं. बोल्टची भोकं तीच! म्हणजे चुकीची प्लेट बसते, स्टार्टर फिरवतो, इंजिन सुरू होतं, आयडलला कळतही नाही. पण २२ औंस-इंचाचा फरक ६००० आरपीएमला सहाशे किलोंहून जास्त जोराने क्रँकचं मागचं टोक आपटत असतो, प्रत्येक फेऱ्यात. ३००० ला त्याचा चौथा हिस्सा, तोही काही कमी नाही.

गाडी तीन हजारानंतर थरथरायला लागली. आणि मूर्खपणा असा की त्याच हिवाळ्यात मी एक्सलही उघडला होता, त्यामुळे सगळा संशय मागे. पिनियनचा अँगल बदलला, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) बदलले, प्रॉपेलर शाफ्ट बॅलन्स करून आणला, क्राउन परत उघडलं. दोन महिने. ज्या गॅरेजवाल्याला मी गुरू मानायचो तो म्हणाला, रेस कार आहे, थरथरणारच. गुरूचं वय बघू नका, तो मोजतो की नुसतं सांगतो ते बघा.

शेवटी रविवारी आप्पांना फोन लावला. त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरला चाळीस वर्षं लेथ चालवलं, मस्टँग कशाशी खातात माहीत नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उभ्या गाडीत थरथरतंय काय?"

मी गप्प. बघितलंच नव्हतं.

"न्यूट्रलला घाल आणि रेस दे की लेका. चाक फिरत नसताना हालतंय म्हणजे मागचं काय उघडत बसलायस?"

हालत होती. तीन हजारला आरशातलं शेजारचं घर पुसट झालं. हीच ती टेस्ट, दोन मिनिटांची, फुकट. उभ्या गाडीत त्याच आरपीएमला थरथर असेल तर इंजिन, प्लेट किंवा कन्व्हर्टर. फक्त चालताना असेल तर मागे जा. इंजिन उतरवलं तेव्हा प्लेटला बोल्टांच्या कडेने केसासारखी चीर गेली होती आणि मागच्या मेन बेअरिंगचा तांबूस रंग वर आला होता. क्रँक थोडक्यात वाचला, बेअरिंगचा सेट आणि २८ वाली प्लेट घालून परत चढवलं. नवीन प्लेट घेताना आकडा विचारून घ्या, जुनी असेल तर मशीन शॉपमध्ये तपासून घ्या, आणि बॅलन्सरही त्याच आकड्याचा आहे ना ते बघा.

एवढं वाचून घाबरून ५.० वरच थांबू नका, ३५१ भारी इंजिन आहे. मे महिन्यात पहिल्याच दिवशी ११.५८ झाली, आरसा एकदम स्वच्छ. ११.४९ ला पोचलो की रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी आतली पोलादी कमान) लागतो, तो येत्या हिवाळ्यात. फक्त रोल बार, दुसरं काही उघडणार नाही असं आप्पांना सांगून ठेवलंय.