जुन्या अल्टोचा लोअर आर्म बदलताना

लहान खड्ड्यातही पुढून ‘खट’ आवाज येतो, ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. २००० ते २०१२ च्या अल्टोत असं होऊ लागलं की आधी शॉकअपवर संशय जातो. त्याआधी लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून चॅसीशी जोडणारा दांडा, बघा. या गाडीत स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणारी आडवी सळई) गाडीचं झुकणं कमी करतोच, शिवाय आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. त्याच्या टोकाचे बुश (सांध्यातले रबर) फाटले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं.

चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बहुधा बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा. चाक डावी-उजवीकडून हलवल्यावर खेळ असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा, बघा. बुशसाठी आर्म आणि चॅसीमध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच दाबा. रबराला भेगा असतील किंवा आतली नळी सुटी फिरत असेल तर बुश संपला.

आर्म दोन्ही बाजूंचे घ्या. बॉल जॉइंट आर्मलाच असतो. गॅरेजात तो वेगळा ठोकूनही देतात, पण आर्मचं भोक ढिलं झालेलं असलं तर नवा जॉइंटही टिकत नाही. बारच्या टोकांचे आणि चॅसीवरचे बुश, नव्या स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून घालायच्या) हेही सोबत आणा.

हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकांचे नट जमिनीवरच सैल करा. पुढची दोन्ही चाकं एकदम उचला आणि चॅसीखाली स्टँड द्या. एकच बाजू उचलली तर बारला पीळ राहतो आणि तो निघताना झटका देतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बारच्या टोकाची स्प्लिट पिन काढून नट सोडा. वॉशर आणि बुश कोणत्या क्रमाने, कुठल्या तोंडाने बसलेत याचा फोटो आधीच काढून ठेवा. वाटीसारखे वॉशर उलटे बसले तर नवं रबर लवकर फाटतं. मग चॅसीवरचे बारचे ब्रॅकेट सैल करा.

बहुतेक जण अडकतात ते बॉल जॉइंटपाशी. नकलमधला (चाक ज्यावर बसतं त्या भागातला) आडवा बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो. तो काढल्यावर फटीत छिन्नीचं टोक हलकेच घाला आणि आर्म खाली दाबा. छिन्नीवर जोरात ठोकलं तर नकल तडकते. नकल बाहेर फार ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो. शेवटी चॅसीकडचा बोल्ट काढला की आर्म हातात येतो.

नवा आर्म उलट्या क्रमाने बसवा. खाच बरोबर जुळली तर आडवा बोल्ट हातानेच आत जातो. अडला तर ठोकू नका, दांडा वर-खाली करून बघा. रबराला ऑइल किंवा ग्रीस लावू नका, ते फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

चॅसीकडचा बोल्ट आणि बारचे नट आत्ता फक्त हाताने फिरवून ठेवा. आर्म लटकत असताना कसले तर गाडी खाली येताच बुशला कायमचा पीळ बसतो, आणि काही महिन्यांत तो फाटून पुन्हा ‘खट’ सुरू होतं. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून गाडी स्टँडवरून किंचित उचलली जाईपर्यंत वर घ्या, मगच कसा. नट किती कसायचा ते मॅन्युअलच्या आकड्याने ठरवा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे फिरवू नका.

त्याच दिवशी चाकांची अलाइनमेंट (कोन जुळवणं) करून घ्या. शंभरेक किलोमीटरनंतर हे सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.