या चुका टाळा: ज्वलनाचं समीकरण सोडवताना पोरं कुठे अडकतात

परळला चाळीतल्या खोलीत दहावीचा क्लास घेते मी. कार्बनी संयुगांचा धडा संपला की टेस्ट, आणि दर वर्षी पोरं नवीन पण चुका त्याच. ज्वलनाचं समीकरण म्हणजे डावीकडे इंधन नि ऑक्सिजन, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड नि पाणी, आणि दोन्हीकडे प्रत्येकाचे अणू सारखे जुळवायचे.

पहिली घोडचूक म्हणजे आधी ऑक्सिजनच्या मागे लागणं. अरे बाबांनो, ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी वाटला गेलाय, कार्बन डायऑक्साइडमध्ये पण आणि पाण्यात पण, मग तो शेवटीच मोजायचा ना. आधी कार्बन, मग हायड्रोजन. प्रोपेन घ्या, ३ कार्बन नि ८ हायड्रोजन, म्हणजे ३ कार्बन डायऑक्साइड, ४ पाणी, त्यात ऑक्सिजनचे अणू ६ आणि ४ मिळून १०, एका रेणूत दोन अणू, म्हणजे रेणू ५. झालं.

ब्यूटेनला, म्हणजे ४ कार्बन नि १० हायड्रोजनला, मात्र गाडी अडते. ४ कार्बन डायऑक्साइड, ५ पाणी, ऑक्सिजनचे अणू १३, म्हणजे रेणू साडेसहा! परवा एकाने साडेसहाचे १३ केले आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, वर मलाच सांगतो, मॅडम अपूर्णांक तर गेला ना. दुप्पट करायचं तर सगळ्यांचं करा: २ ब्यूटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी. आणि सूत्राच्या पायाशी असलेल्या बारक्या आकड्यांना हात लावू नका, पाण्यात एक ऑक्सिजन वाढवलात तर ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखमेवर फसफसतं ते.

इथेनॉलला (२ कार्बन, ६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन) ऑक्सिजन साडेतीन आला तर समजायचं की त्याच्या पोटातला एक ऑक्सिजन वजा करायचा राहिला. उत्तर ३ आहे.

प्रश्नात 'पूर्ण ज्वलन' लिहिलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड नाही, काजळी नाही. ते अपूर्ण ज्वलनात, हवा कमी पडली की. घरी शेगडीची ज्योत निळीची पिवळी झाली आणि पातेल्याचं बूड काळं पडायला लागलं की बर्नरची भोकं साफ करा, समीकरण नंतर. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरला तर मी भितेच, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

अजून एक, हवा म्हणजे ऑक्सिजन नव्हे. १ लिटर मिथेनला ऑक्सिजन २ लिटर लागतो, पण हवेत तो २१ टक्केच, म्हणून हवा जवळपास साडेनऊ लिटर. वजनात विचारलं तर १६ ग्रॅम मिथेनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन, तिथे परत तेच १ ला २ लावू नका.

एका पोरीला पटेचना की आगीतून पाणी निघतं. म्हटलं, पातेल्यात नळाचं गार पाणी घे, बाहेरून कोरडं पूस, पेटत्या गॅसवर ठेव आणि पहिलं अर्धं मिनिट नुसतं बुडाकडे बघ. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणते, दव आलं मॅडम, पण आई म्हणाली पातेलं गळतंय, ते आता कल्हईवाल्याकडे जाणार आहे.