चिखलदरा की परतवाडा? मुक्काम ठरवताना या चुका टाळा

पावसाळा लागला की मला फोन सुरू होतात. कोणी पुण्याहून, कोणी नागपूरहून, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ रूम चिखलदऱ्याला घेऊ का परतवाड्याला? चिखलदरा म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं डोंगरावरचं हिल स्टेशन, अन परतवाडा म्हणजे त्याच्या घाटाखालचं शहर. मी सांगतो, समोरचा हाओ हाओ म्हणतो आणि शेवटी आपल्या मनाचंच करतो. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किलोमीटर पाहून मुक्काम ठरवणं. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर आणि तिथून चिखलदरा अजून ३० च्या आसपास. हा ३० चा आकडा पाहिला की लोकांचं डोकं चालायला लागतं, की अरे खाली स्वस्त रूम मिळून राहिली, एसी आहे, समोर मार्केट आहे, रोज सकाळी वर जाऊ अन संध्याकाळी खाली येऊ. पण हे ३० किलोमीटर सपाटीचे नाहीत बाप्पा. चिखलदरा १११८ मीटरवर आहे, घाट चढायचा आहे, आणि जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी अर्धा विदर्भ तोच घाट चढत असतो. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या फौजेला चिखलदऱ्याशेजारचा गाविलगड किल्ला घ्यायला डोंगरातून तोफा ओढत न्याव्या लागल्या, त्यात कित्येक दिवस गेले. लाँग वीकेंडला घाटात अडकलं की मला त्या फौजेची आठवण येते.

आमच्या साडभाऊंनी हेच केलं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली, पोरंबाळं, सासूबाई, सगळे मिळून पुण्याहून आले. मी म्हटलं वर रहा, महाग पडलं तरी चालेल. नाही, परतवाड्यातच रूम घेतली, का तर नाश्ता फ्री होता. आता फ्री नाश्ता सोडवत नाही, म्हणून सकाळी पोहे-इडली हाणून साडेदहाला निघाले, घाटाच्या तोंडाशीच गाड्यांची रांग, लहान पोराने दोनदा उलटी केली, आणि देवी पॉइंटला पोचेपर्यंत दीड वाजला. तिथं काय, पांढरं फटक. रेलिंगच्या पुढं काहीच नाही. साडभाऊंचा मला फोन, "अहो भाऊ, तुमच्या चिखलदऱ्यात नुसते ढगच आहेत, दरी कुठं गेली?" मी म्हटलं बसा जरा, भुट्टा खा, उघडेल. पण त्यांना अंधाराच्या आत घाट उतरायचा होता, चारला निघाले. साडेपाचच्या सुमारास ढग फाटले, वर राहणाऱ्या एका दोस्तानं मला फोटो पाठवला, समोरची अख्खी दरी, खालून वर येणारी वाफ, सगळं धुऊन काढल्यासारखं हिरवं. मी तो साडभाऊंना फॉरवर्ड केला, तेव्हा ते परतवाड्याच्या रूमवर टीव्ही पाहत बसले होते. तर शहाणं व्हायचं की नाही? दुसऱ्या दिवशी परत फ्री नाश्ता, परत साडेदहा.

पावसाळ्यात चिखलदरा पहाटे आणि संध्याकाळीच हाती लागतो, तेही त्याची मर्जी असली तर. दुपारी फक्त गर्दी. म्हणून पॉइंट पाहायचे असतील, भीमकुंड पाहायचं असेल, तर वरच रहा, आणि एक नाही दोन रात्री रहा, म्हणजे एक दिवस ढगात गेला तरी दुसरा हातात असतो. एक सांगतो, ढगात अडकलात तर पंचबोलला जा, तिथं आवाज दिला की दऱ्यांतून परत येतो, त्याला डोळे लागत नाहीत. गाविलगडाला "अर्ध्या तासात उरकू" म्हणणाऱ्यांनी तर जाऊच नये, तो पसारा नीट फिरायला अर्धा दिवस लागतो, शार्दूल दरवाजावरचं कोरीव काम पाहायलाच लोक थांबत नाहीत, सेल्फी काढला की चालले.

आता उलटी चूक. ती हिवाळ्यात जास्त होते. चिखलदरा म्हणजे हिल स्टेशन, म्हणून रूम वरच घेतात, आणि यादी काढतात तर मुक्तागिरी, बहिरम, अचलपूरचा हौज कटोरा, म्हणजे तलावातली जुनी वास्तू. अरे राजेहो, हे सगळं खाली आहे! मुक्तागिरीची ५२ जैन मंदिरं मध्य प्रदेशच्या हद्दीत, पण परतवाड्याहून अगदी जवळ. बहिरमची यात्रा डिसेंबरच्या शेवटी सुरू होते ती जानेवारीभर चालते, मातीच्या हंडीतलं मटण अन रोडगे खायला लोकं कुठून कुठून येतात, आणि ते खाऊन रात्री घाट चढायचा म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं झोपेशी कुस्ती खेळायची. असा बेत असला तर परतवाड्यातच पडा. शहर काही देखणं नाही, सागवानाचे डेपो, आरागिरण्या आणि एसटी स्टँडची गडबड, पण डॉक्टर, मेडिकल, एटीएम सगळं हाताशी. म्हातारी माणसं सोबत असली तर मी तरी खालीच ठेवतो, कारण थंडीत वर पारा पार ५ अंशांपर्यंत उतरतो.

मेळघाट सफारी हे दोघांच्याही यादीत घुसडू नका. जंगलच पाहायचं असेल तर सरळ सेमाडोह किंवा कोलकासला मुक्काम करा, वनखात्याची सोय आहे, सिपना नदी शेजारी आहे. आणि तीन तासांत वाघ पाहिजे असणाऱ्यांनी ताडोबाला जावं, इथं जंगल दाट आहे आणि वाघ शहाणा आहे.

रूमच्या जाहिरातीत "चिखलदरा" लिहिलं म्हणून पैसे भरू नका, फोन करून विचारा की घाटाच्या वर का खाली. हा एक प्रश्न विचारायचा लोकांना कंटाळा येतो.

टाकी परतवाड्यालाच फुल करा. कॅशही तिथंच काढा. जंगलात रेंज जाते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

वर जायला धामणगाव गढीवरून एक रस्ता आणि घटांगवरून दुसरा. मोबाइल जो कमी मिनिटांचा दाखवतो तो डोळे झाकून पकडू नका, पावसात दरड कुठं आली ते त्याला काय माहीत. मी परतवाडा स्टँडवर चहा घेतो आणि चिखलदऱ्याहून आत्ताच उतरलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला विचारतो. पाच मिनिटं जातात. उतरताना मात्र न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे जे हुशार लोक आहेत ना, त्यांच्या मागं मी गाडी ठेवत नाही आणि पुढं तर मुळीच नाही.

परतीच्या दिवशी रविवार असेल तर दुपारच्या जेवणाआधी घाट उतरून टाका. चिखलदऱ्याची रबडी घ्यायची तर आदल्या रात्रीच घेऊन ठेवा, सकाळी दुकान उघडायची वाट पाहत बसलात की खाली येईपर्यंत संध्याकाळ होते.