सोशल नंबर नसताना अमेरिकेत बँक खातं कसं उघडायचं: एच-४ वर आलेल्या जोडीदारासाठी

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाबरोबर एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतं, "तुझा सोशल नाही ना, मग तुझं खातं निघणार नाही." 'सोशल' म्हणजे अमेरिकन सरकारचा सोशल सिक्युरिटी नंबर. पण हे वाक्य खरं नाही. या एका वाक्यापायी कितीतरी जण वर्षानुवर्षं स्वतःच्या नावाच्या खात्याशिवाय राहतात.

नव्या ग्राहकाची ओळख बँकेने कशी पटवायची, याचा संघीय नियम २००३ पासून लागू आहे. तो चार गोष्टी मागतो: नाव, जन्मतारीख, राहता पत्ता आणि एक ओळख क्रमांक. अमेरिकेचा नागरिक नसलेल्यांसाठी हा क्रमांक पासपोर्टचाही चालतो. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. मात्र एखादी बँक स्वतःच्या धोरणाने जास्त कडक असू शकते, आणि बऱ्याच बँकांचा ऑनलाइन फॉर्म सोशलच्या रकान्यापुढे सरकतच नाही. म्हणून ऑनलाइन अर्जात वेळ घालवू नका, शाखेत जा. तो रकाना भरायचा म्हणून जोडीदाराचा नंबर तर कधीच टाकू नका. ती चुकीची माहिती तुमच्या नावाला चिकटते आणि निस्तरताना नाकी नऊ येतात.

आधी नाव आणि पत्ता

खरी अडचण बहुतेक वेळा सोशलची नसते, नावाची असते. आपल्याकडे मुलीचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. समजा पासपोर्टवर गिव्हन नेमच्या ओळीत 'सायली प्रकाश' आणि सरनेमच्या ओळीत 'देशमुख' आहे, पण घराच्या लीजवर (भाडेकरारावर) नवऱ्याने 'सायली जोशी' लिहून दिलंय. बँकेच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं आहेत. लग्नाचा दाखला दाखवून कधी काम होतं, कधी होत नाही. त्यापेक्षा सोपा नियम ठेवा: अमेरिकेतल्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने. 'प्रकाश' मिडल नेमच्या रकान्यात जायला हवं. फर्स्ट नेममध्ये 'सायली प्रकाश' एकत्र टाकलं, तर पुढे लायसन्सशी आणि सोशलशी जुळवताना घोळ होतो. पासपोर्टवर आडनावाची ओळ रिकामी असेल, तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) छापलेलं असतं. अशा वेळी पासपोर्ट आणि व्हिसा दोन्ही उघडून दाखवा आणि नाव कसं टाकलं जातंय ते पडद्यावर स्वतः बघा.

पत्त्यासाठी सर्वांत उपयोगी कागद म्हणजे लीज. तुमचं नाव त्यावर नसेल तर अपार्टमेंटच्या लीजिंग ऑफिसला सांगून 'ऑक्युपंट' म्हणून घालून घ्या. बँकेला दाखवायला बहुधा तेवढं पुरतं, आणि लीजधारकाप्रमाणे भाड्याची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. लीज लगेच बदलून मिळत नसेल तर विजेचं, इंटरनेटचं किंवा मोबाइलचं बिल तुमच्या नावावर करून घ्या. टपालपेटीचा पीओ बॉक्स राहता पत्ता म्हणून चालत नाही.

बाकीचे कागद: मूळ पासपोर्ट, त्यातला व्हिसा, आय-९४ या प्रवेश-नोंदीची छापील प्रत (अमेरिकेच्या सीमा-तपासणी खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या, आय-९४ संकेतस्थळावरून ती फुकट निघते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट टाळा), असेल तर आय-७९७ (व्हिसा-दर्जा मंजूर झाल्याचं पत्र), आणि दुसरं ओळखपत्र. दुसरं ओळखपत्र म्हणून अनेक बँका भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा नाव छापलेलं क्रेडिट-डेबिट कार्ड घेतात. भारतातून निघतानाच ही दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवावीत. आय-९४ वर नाव किंवा जन्मतारीख चुकली असेल तर बँकेआधी ती दुरुस्त करून घ्या.

खातं कोणाच्या नावाने

जॉइंट खातं सोयीचं असतंच: पगार त्यात येतो, भाडं त्यातून जातं. ते काढा. पण त्याच फेरीत फक्त तुमच्या नावाचंही एक खातं काढा, त्यात पन्नास डॉलर असले तरी हरकत नाही. जॉइंट खात्यातली पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणीही, दुसऱ्याला न विचारता, काढू शकतो. एकावर कर्जवसुलीचा हुकूम आला तर त्याची झळ अख्ख्या खात्याला बसू शकते. घरात काही बिनसलं, तर ज्याच्या नावावर एक पैसाही नाही त्याला विमानाचं तिकीटसुद्धा मागून घ्यावं लागतं. हा अविश्वास नव्हे. उत्पन्न नसलेल्या माणसालाही स्वतःचं खातं ठेवण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि ते संसार सुरळीत असतानाच काढणं सोपं असतं.

जोडीदाराच्या जुन्या खात्यात तुमचं नाव जोडणार असाल तर 'ओनर' म्हणून जोडलं जातंय ना, हे विचारा. 'ऑथराइज्ड सायनर' म्हणजे फक्त सही करण्याची मुभा, पैशांवर मालकी नाही. नाव जोडायला दोघांनी एकत्र शाखेत जावं. भारतातल्या नॉमिनीसारखी सोय इथे 'पेएबल ऑन डेथ' नावाने असते. खातेदारानंतर पैसे थेट त्या व्यक्तीचे होतात, तेव्हा तो रकाना विचार करून भरा. ठेवींना एफडीआयसीचं (सरकारी ठेव-विम्याचं) संरक्षण एका बँकेत एका माणसामागे अडीच लाख डॉलरपर्यंत असतं, जॉइंट खात्यात ते प्रत्येक मालकामागे वेगळं मोजतात. क्रेडिट युनियनमध्ये (सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेत) एवढंच संरक्षण एनसीयूए ही सरकारी संस्था देते.

फीचं आधी बघून घ्या. मोठ्या बँकांच्या साध्या चेकिंग (रोजच्या व्यवहाराच्या) खात्याला महिन्याची फी असते. ती माफ व्हायला एक तर पगार थेट जमा व्हावा लागतो, नाहीतर किमान शिल्लक ठेवावी लागते. तुम्हाला पगार नाही, म्हणजे शिल्लक राखणं आलं. ती जमणार नसेल तर 'बँक ऑन' प्रमाणित खातं आहे का विचारा: पंचवीस डॉलरपर्यंतच्या रकमेवर उघडतं, फी महिन्याला पाच डॉलर किंवा कमी, आणि ओव्हरड्राफ्टचा (शिल्लकीपेक्षा जास्त खर्च झाल्याचा) दंड नाही.

शाखेत

अपॉइंटमेंट घेऊन जा आणि पैसे भरण्याच्या काउंटरवर न थांबता 'बँकर'कडे बसा. काउंटरवरच्या माणसाला परदेशी पासपोर्टवरचं खातं उघडण्याची सवय नसते, म्हणून तो पटकन नाही म्हणून मोकळा होतो. एडिसन, जर्सी सिटी, फ्रीमाँट अशा भारतीय वस्तीच्या गावांतल्या शाखांना हे कागद रोजचे असतात. तुमचं गाव आडवळणाचं असेल तर आधी फोन करून स्पष्ट विचारा: "आय डोन्ट हॅव अ सोशल. कॅन आय ओपन अ चेकिंग अकाउंट विथ माय इंडियन पासपोर्ट?" एका शाखेने नकार दिला तर त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत जा. उत्तर बदलल्याची उदाहरणं भरपूर आहेत.

तारीख लिहिताना महिना आधी. ५ ऑगस्टचा जन्म ०५/०८ असा लिहिलात तर बँकेच्या लेखी तो ८ मे होतो आणि ओळख पडताळणी तिथेच अडते. सही पासपोर्टवर मराठीत असेल तर बँकेच्या सिग्नेचर कार्डावरही तशीच करा. मुद्दा सही जुळण्याचा आहे, लिपीचा नाही.

यानंतर तुमच्यापुढे कराचा एक फॉर्म येईल, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. डब्ल्यू-९ हा फॉर्म अमेरिकेच्या कर कायद्यात 'रेसिडेंट' असलेल्यांसाठी, डब्ल्यू-८बेन हा 'नॉनरेसिडेंट'साठी. दोन्हींवर खोटं लिहिल्यास शिक्षेस पात्र अशा कलमाखाली सही असते, म्हणून "इथे सही करा" एवढं ऐकून करू नका. बँकर बऱ्याचदा सवयीने डब्ल्यू-९ पुढे करतो, पण त्यावर सोशल किंवा आयटिन (सोशल न मिळणाऱ्यांसाठीचा कर क्रमांक) लागतो.

तुम्ही कोणत्या बाजूला, ते दिवसांवर ठरतं. चालू वर्षात किमान ३१ दिवस, शिवाय चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश आणि त्यामागच्या वर्षाचे एक षष्ठांश मिळून १८३ झाले की तुम्ही रेसिडेंट. एच-४ आणि एल-२ (कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) यांचे दिवस पहिल्यापासून मोजले जातात. विद्यार्थ्याबरोबर एफ-२ वर आलात तर सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजत नाहीत. समजा तुम्ही १ ऑगस्टला पहिल्यांदा आलात आणि इथेच राहिलात. त्या वर्षाचे १५३ दिवस भरतात, म्हणजे नॉनरेसिडेंट, आणि डब्ल्यू-८बेन बरोबर. पुढच्या वर्षी त्या १५३ चे ५१ धरले जातात, उरलेले १३२ दिवस साध्या वर्षात १२ मे रोजी पुरे होतात, आणि मग डब्ल्यू-८बेन खोटा ठरतो. परिस्थिती बदलल्याचं बँकेला ३० दिवसांत कळवायचं असतं, म्हणून ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

डब्ल्यू-८बेनवर कायमचा पत्ता भारतातला लिहायचा, आणि टपालाचा अमेरिकेतला. दोन्हीकडे अमेरिकेचा पत्ता टाकला की बँक फॉर्म परत पाठवते किंवा खुलासा मागते. चेकिंग खात्यावर बहुधा व्याज नसतंच. पण व्याजाचं खातं असेल आणि रेसिडेंट झाल्यावरही बँकेकडे आयटिन किंवा सोशल पोचला नाही, तर व्याजातून २४ टक्के कापले जाऊ शकतात.

आयटिन एरवी नुसता मागून मिळत नाही. जोडीदाराबरोबर एकत्र रिटर्न भरताना डब्ल्यू-७ हा आयटिनचा अर्ज त्याला जोडतात. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नका. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) ठरावीक टॅक्सपेयर असिस्टन्स सेंटरमध्ये किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या सर्टिफाइंग अ‍ॅक्सेप्टन्स एजंटकडे पासपोर्ट दाखवला की तो लगेच परत हातात मिळतो.

कार्ड घरी पोचण्यासाठी

डेबिट कार्ड टपालाने येतं, आणि इथे एक अगदी छोटी गोष्ट नडते. अपार्टमेंटच्या सामायिक टपालपेटीत आतल्या बाजूला रहिवाशांच्या नावांची चिठ्ठी असते. तिच्यावर फक्त नवऱ्याचं आडनाव असेल आणि पाकीट तुमच्या माहेरच्या आडनावाने आलं, तर पोस्टमन ते परत पाठवू शकतो. पेटी उघडा आणि दोघांची पूर्ण नावं ठळक अक्षरांत लिहून चिकटवा. खातं उघडायला जाण्याच्या आदल्या दिवशीच हे करा.

पहिले ३० दिवस खातं 'नवं' गणलं जातं, आणि या काळात बँक चेकची रक्कम नेहमीपेक्षा जास्त दिवस रोखून धरू शकते. शिल्लक दिसते म्हणून खर्च करू नका, 'अव्हेलेबल' किती ते बघा. ओव्हरड्राफ्टबद्दल विचारतील तेव्हा नाही म्हणा. तुमच्या परवानगीशिवाय एटीएम आणि कार्डावरच्या एकवेळच्या खरेदीसाठी बँक हा दंड लावू शकत नाही. कार्ड हरवलं तर दोन कामकाजाच्या दिवसांत कळवा, म्हणजे तुमची जबाबदारी ५० डॉलरपुरती राहते. उशीर केल्यास ती ५०० पर्यंत, आणि फारच उशीर केल्यास त्याहूनही वर जाऊ शकते. झेल (Zelle, खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवण्याची सेवा) वापरून पाठवलेले पैसे रोख दिल्यासारखेच समजा. ओळखीच्या माणसाशिवाय कोणाला पाठवू नका, आणि "माझे पैसे तुझ्या खात्यात घे आणि पुढे पाठव" म्हणणाऱ्याला, तो अगदी आपल्या गावचा निघाला तरी, नकार द्या.

भारतातून रोख आणत असाल आणि कुटुंबाची मिळून ती १०,००० डॉलरच्या वर असेल, तर विमानतळावर जाहीर करा. आणणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. बँकेत भरताना नोंद टाळायला तुकडे करून भरणं हाही गुन्हाच.

मागे ठेवलेली खाती

इथे अनिश्चित काळ राहायला निघालात की भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घ्यावं लागतं. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. आणि एक महत्त्वाचं: इथे रेसिडेंट झाल्यावर अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार (परदेशी खात्यांचा अहवाल) भरायचा असतो. तो रिटर्नपासून वेगळा असतो, मुदत १५ एप्रिल, आणि आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. आईबाबांच्या खात्यात किंवा मुदत ठेवीत सोयीसाठी तुमचं दुसरं नाव असेल तर तीही पूर्ण रक्कम मोजली जाते. बँकेतले कागद आवरतानाच आईला फोन करून अशी नावं कुठे कुठे आहेत त्याची यादी करून घ्या.

एच-४ वर ईएडी (कामाचा परवाना) मिळाला, किंवा तुम्ही एल-२ वर असून आय-९४ वर 'एल-२एस' लिहिलेलं असेल, तर सोशल मिळू शकतो. तो हातात आला की पासपोर्ट घेऊन त्याच शाखेत जा, नंबर नोंदवून नवा डब्ल्यू-९ भरा, आणि आयटिन असल्यास आयआरएसला पत्राने कळवा, म्हणजे दोन्ही नंबरांच्या नोंदी एकत्र होतील.